सेनापतीला कळलं का?

त्या उन्हाळ्यात बाबा चौदा दिवस पालथे पडून होते. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला म्हणून ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला, आणि डॉक्टरबाईंनी समजावलं की हा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरेल, पण तोंड जमिनीकडे असेल तरच. जेवायला आणि बाथरूमला जायला तासातली दहा मिनिटं मोकळी, तीही मान खाली घालून. डोकं वर केलं, उताणे झाले, तर बुडबुडा सरकणार आणि पडदा परत सुटणार. उजवा डोळा बाबांचा लहानपणापासूनच अधू. त्याने त्यांना बोटं मोजता येत, चेहरे दिसत नसत. म्हणजे जे काय होतं ते सगळं या एका डाव्या डोळ्यावर. विमानातही बसायचं नाही, कारण उंचीवर तो गॅस फुगतो. त्यामुळे दर उन्हाळ्यातली नाशिकची फेरी रद्द झाली आणि जुलैच्या उकाड्यात आम्ही तिघं घरातच राहिलो.

घर म्हणजे आखातात, खलिफा सिटीतल्या एका व्हिलाचा मागचा तुकडा. मालकाने व्हिलाचे पाच भाग करून पाच कुटुंबांना दिले होते. आमच्या वाट्याला दोन खोल्या आल्या होत्या, आणि एक स्वयंपाकघर, ज्याच्या खिडकीतून फक्त कंपाउंडची भिंत दिसे. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून आईने जमिनीवर गादी घातली. गादीच्या टोकाला दोन उशा, मध्ये वीतभर फट, त्या फटीत बाबांचा चेहरा. एसी दिवसभर घरघरत असे. एअरपोर्ट जवळ असल्यामुळे दर थोड्या वेळाने विमान छतावरून गेल्यासारखा आवाज येई, आणि तो विरला की बाबा खालून म्हणत, “गेलं बघ. मुंबईचंच असेल.” आई त्यांच्यासाठी मऊ भात करी, मुगाची खिचडी, काटे काढून कुस्करलेली सुरमई, दुधात भिजवलेली खबूसची रोटी. चहा स्ट्रॉने. बाबा साइटवर दोनशे माणसांना ओरडून कामाला लावणारे स्ट्रक्चरल इंजिनियर. त्यांना स्ट्रॉने चहा ओढताना पाहून पहिल्या दिवशी मला हसू आलं आणि ते लपवायला मी तोंड फिरवलं.

आई मुसाफ्याच्या औद्योगिक भागातल्या एका ऑफिसात कामाला होती, ती साडेपाचला परतायची. शाळेला सुट्टी, म्हणून दिवसभर बाबांपाशी मी. बाबांना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड. नाशिकहून येताना बॅगेत लोणच्याच्या बरण्यांपेक्षा पुस्तकं जास्त असत. आता वाचणं बंद, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवायचं असं ठरलं. माझं मराठी तेव्हा ऐकण्यापुरतं होतं. शाळेत इंग्रजी, मित्रांशी हिंदी, घरी आईबाबा मराठीत बोलत आणि मी इंग्रजीत उत्तरं देत असे. लढाईच्या वर्णनातले लांबलचक शब्द मी असे तोडून वाची की तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “बास. तू किल्ला चढत नाहीयेस, पायऱ्यांवर आपटतोयस. ठेव ते पुस्तक.”

मी ठेवलं. मग ते म्हणाले, “तू त्या फोनमध्ये रात्रंदिवस काय वाचत असतोस? गेम तर नाही. पानं सरकवताना दिसायचास.”

“नथिंग, बाबा. इट्स नॉट युअर टाइप.”

“मराठीत.”

“काही नाही. एक चायनीज नॉव्हेल आहे. जुन्या काळातलं.”

“लढाया आहेत?”

“आहेत.”

“मग तेच सांग. वाचू नकोस, सांग. मराठीत.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. मी सतरा वर्षांचा होतो, आणि स्वतःबद्दलची एक गोष्ट मला दोन वर्षांपासून माहीत होती, जी मी कोणालाही सांगितली नव्हती. सांगण्यासाठी लागणारे शब्द मराठीत मला ठाऊक नव्हते, आणि इंग्रजीतले जे ठाऊक होते ते त्या गावात तोंडातून काढायचे नसतात एवढं कळत होतं. ती कादंबरी मला नेटवर इंग्रजीत सापडली होती. सीमेवरच्या एका किल्ल्याचा सेनापती कुओ रेन, आणि राजधानीहून त्याच्यावर नजर ठेवायला पाठवलेला लेखनिक आन शू. दोघं पुरुष. सहाशे पानं ते एकमेकांपासून दूर पळतात आणि शेवटी पळायचे थांबतात. मी ती तीनदा वाचली होती. त्या पुस्तकात त्या दोघांना जीव जाईल याची भीती वाटते, बादशहाची भीती वाटते, पण आपण असे का, हा प्रश्न एकदाही पडत नाही. मला तर तो रोज सकाळी दात घासताना पडायचा.

आणि आता ते मी माझ्या बापाला सांगायचं होतं.

“राजधानीहून एक लेखनिक निघा—” मी सुरुवात केली आणि अडकलो. इंग्रजीत ‘सेड’ आणि ‘वेंट’ म्हटलं की भागतं. मराठीत क्रियापद तोंडातून बाहेर पडलं की बाई की पुरुष हे सांगूनच जातं. मला विचार करायला अर्धा सेकंद मिळाला असेल. “निघाली,” मी म्हणालो.

“बाई? त्या काळात दरबारात बाई लेखनिक?”

“ती… ती डिसगाइसमध्ये असते.”

“वेषांतर,” बाबा म्हणाले. “पुरुषाच्या वेषात. वा! आणि सेनापतीला हे माहीत नाही.”

“नाही.”

“हां. सांग आता.”

असं ते खोटं तयार झालं, आणि पुढचे आठ दिवस मी त्याच्यावर मजले चढवत गेलो. आई कामावर गेली, जेवण झालं, डोळ्यात थेंब घातले की बाबा उशांच्या फटीतून विचारत, “हं, सेनापतीला कळलं का?” मी म्हणे, अजून नाही. मग ते खूश होत. मी मोडक्या मराठीत सांगे, ते मध्येच शब्द पुरवत. वॉल नव्हे, तट. मोट नव्हे, खंदक. सप्लाय नव्हे, रसद. त्या आठ दिवसांत मी जेवढं मराठी शिकलो तेवढं आधीच्या सतरा वर्षांत शिकलो नव्हतो. आज मी या भाषेत हे लिहू शकतोय त्याचं श्रेय त्या गादीशेजारच्या गार फरशीला आहे.

पण रोज दुपार जवळ आली की मी मनात पुढचे प्रसंग चाळून बदलायच्या जागा हेरून ठेवी. मूळ गोष्टीत सैनिक नदीवर आंघोळीला जातात, तिथे मी आन शूला ताप आणला. कुस्तीचा एक अख्खा प्रसंग गाळला. सेनापती लेखनिकाच्या दाढीची चेष्टा करतो तिथे दाढीच्या जागी टोपी आणली. बाबा इंजिनियर. एक कच्चा जोड सुटायचा नाही त्यांच्या नजरेतून. “थंडीत एका तंबूत सगळे झोपतात म्हणालास. मग कपडे?” असं ते विचारत, आणि मी तिथल्या तिथे तंबूला पडदा लावून देई. रात्री आईसोबत जेवताना ते तिला गोष्ट सांगत, माझ्याच गाळलेल्या आणि भरलेल्या तपशिलांसकट. आई हसून म्हणे, “शानू, छान सांगतोस की रे तू.” मी ताटात बघत पटापट जेवून उठे.

नवव्या दिवशी रत्नाकरमामा आले. ते बाबांच्या कंपनीतले ड्रायव्हर, कणकवलीकडचे, वयाने बाबांपेक्षा मोठेच. मुसाफ्याच्या कामगार-कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण राहायचे. ड्यूटी नसेल तेव्हा ते आमच्याकडे येऊन बाबांना उठायला-बसायला हात देत, आणि आई त्यांना मुद्दाम माशाचं कालवण करून वाढत असे. त्या दुपारी बाबांनी त्यांना बसवून घेतलं. “ऐक रे रत्नाकर, पोरगं काय सांगतंय.” आणि मागची सगळी गोष्ट स्वतःच थोडक्यात सांगितली. वेषांतर केलेली बाई, चार महिने किल्ल्यात, हजार पुरुषांत, कोणाला पत्ता नाही.

रत्नाकरमामा मांडी घालून शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “नाय ओ साहेब. ह्या काय पटणा नाय.”

“काय पटत नाही?”

“आमी आठ जण एका खोलीत ऱ्हवतो. कोण झोपेत काय बडबडता, कोणाच्या पायाक भेगा हत, सगळा आठांक माहीत. बाई चार महिने लपान ऱ्हवात? पयल्याच दिसाक कळात. तो बाप्याच असतलो.”

बाबा हसले. “अरे, पण पुढे त्यांचं प्रेम होणार आहे, असा रंग दिसतोय.”

“मग?” रत्नाकरमामा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हातातला रिकामा ग्लास फिरवत राहिले. “तशी माणसा नसतत काय? कॅम्पात पण हत. सगळ्यांक माहीत आसता. कोण बोलणा नाय इतक्याच.”

बाबांचं हसू थांबलेलं मला ऐकू आलं. चेहरा तर दिसत नव्हता. वरून एक विमान गेलं आणि बाबा त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. रत्नाकरमामा थोड्या वेळाने उठले आणि निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ. त्यांना काय कळलं होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. ते गावी परतले, वारले, आणि राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रोजचा प्रश्न विचारला नाही. नुसतं म्हणाले, “सांग.”

दुर्दैवाने गोष्ट त्याच जागी आली होती. वेढा पडलाय, बर्फ पडतंय, रसद संपलीय. सेनापतीच्या बरगडीत बाण लागलाय. आन शू त्याच्यापाशी बसलीये. सेनापती म्हणतो की तू माझ्याविरुद्ध अहवाल लिहितोस हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, तरी तुला हाकललं नाही, कारण तू गेलास तर हा किल्ला राखण्यात मला काही राम वाटणार नाही. हा प्रसंग गाळणं मला शक्य होतं. सेनापतीला गुंगी आणता आली असती. पण तो मी इतक्यांदा वाचला होता की तो आपोआप तोंडून येत गेला, आणि मला तो चांगला सांगायचा होता.

“थांब,” बाबा म्हणाले. “त्याला कळलंय का, ही बाई आहे ते?”

“नाही.”

“म्हणजे तो हे पुरुष समजूनच बोलतोय.”

मी गादीची चादर सारखी केली.

“बोल ना. पुरुष समजूनच ना?”

“हो.”

“बरं. मग ती काय म्हणाली?”

“आन शू म्हणाला—”

एसी बंद पडून परत सुरू झाला.

“म्हणाला?”

“म्हणाली.”

“ईशान, पुस्तकात काय आहे?”

“पुस्तकात आन शू पुरुष आहे.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

बाबांचा श्वास उशीत जोराने येत-जात होता. मग त्यांनी विचारलं, “तू हे का वाचतोस?”

कारणं होती माझ्याकडे. लढाया आवडतात, मित्राने दिलं, टाइमपास. एकही बाहेर आलं नाही. मी गप्प बसलो आणि जितका वेळ गप्प होतो तितकं उत्तर मोठं होत गेलं. अचानक बाबांनी दोन्ही तळहात फरशीवर टेकले आणि ते उठायला लागले. खांदे वर आले, मान वर यायला लागली. मी काय करतोय ते मला कळलं नाही. मी गुडघ्यांवर पुढे झालो, दोन्ही हात त्यांच्या मानेमागे ठेवले आणि डोकं खाली दाबलं.

“बाबा, नको! डोळा!”

“हात काढ.”

“तुम्ही उठणार नसाल तर काढतो.”

“ईशान, हात काढ म्हणतो.”

“मला नंतर काय मारायचं ते मारा. आता उठू नका.”

ते ताकदवान होते, मी काटकुळा. मनात आणलं असतं तर त्यांनी मला सहज झटकलं असतं. त्यांची मान माझ्या तळव्यांखाली ताठ होती, मला तिची नस उडताना लागत होती. हळूहळू ती सैल झाली आणि चेहरा पुन्हा फटीत गेला. मी हात काढले.

“जा इथून,” ते म्हणाले.

आईला त्यांनी काय सांगितलं मी ऐकलं नाही. संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं, नळ सोडून ठेवला आणि हात पुढे केला. “फोन दे. नाही, तूच काढून टाक ते. माझ्यासमोर.” मी फाइल डिलीट केली, ॲप काढलं. ती स्क्रीनकडे बघत होती. तिच्या हातांना मासे साफ केल्याचा वास येत होता.

“आई, ते नुसतं पुस्तक—”

“मला काही सांगू नकोस शानू. तू सांगितलंस तर मला माहीत होईल. आत्ता मला काही माहीत नाहीये.” तिने आवाज आणखी खाली आणला. “आपण इथे व्हिसावर आहोत. भिंतीच्या पलीकडे कोण राहतं, कोण काय ऐकतं, आपल्याला कळत नाही. तुझ्या फोनमध्ये कोणी काही बघितलं, कुठे काही बोललं, तर तुझे बाबा डोळा बांधून कुठे धावतील? मी कुठे धावू?”

माझ्यावर रागावलेली आई मी पुष्कळदा पाहिली होती. माझ्यासाठी घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि रागापेक्षा ते सोसायला अवघड गेलं.

पुढचे दोन दिवस मी बाबांच्या डोळ्यात थेंब घातले, चहाचा ग्लास धरला, पंख्यासारखं वर्तमानपत्र हलवलं, आणि आमच्यात “झालं?” “हो” याच्यापलीकडे एक शब्द झाला नाही. थेंब घालायला मान वळवली की ते डोळा मिटून घेत आणि मला पापणी बोटाने उघडावी लागे. डोळा वाचला, हे मी इथेच सांगून टाकतो. पूर्ण नाही, पण गाडी चालवण्यापुरता वाचला. तेव्हा मात्र मला खात्री होती की त्या एका झटक्याने तो गेला आणि तो मी घालवला.

तेराव्या दिवशी शनिवार होता, आई घरी होती, खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. बाबांनी हाक मारली. “ईशान, शेवट राहिलाय.”

मी दारातच थांबलो. “डिलीट केलंय बाबा.”

“तुझं पाठ असेल.”

आईने मान वर केली. “कशाला आता?”

“एवढं ऐकलंय, तर शेवट ऐकू दे. आणि जसं आहे तसं सांग. मध्ये पडदे लावू नकोस.”

मी गादीशेजारी बसलो. मग सांगायला लागलो. आन शू उठला. आन शूने दिवा लावला. बादशहाचा हुकूम आला की सेनापती दोषी असल्याचा अहवाल लिही. तो लिहायला बसला. त्याने लिहिलं की सेनापती जखमेने मेला, प्रेत जाळलं. प्रत्येक ‘तो’ म्हणताना मला आईच्या हातातली मेथीची जुडी दिसत होती. ती निवडायची थांबली होती, पण उठून गेली नाही. मग ते दोघं रात्रीतून किल्ला सोडतात, दक्षिणेला समुद्राकाठच्या गावी जातात, नावं बदलतात, एक होडी घेतात, लोकांना खाडीपार नेतात. चुलतभाऊ आहोत असं सांगतात. तिथेच म्हातारे होतात. संपलं.

“कोणी ओळखलं नाही?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“जन्मभर दुसऱ्याच नावाने?”

“हो.”

“मग हा कसला शेवट,” बाबा म्हणाले. “मला नाही पटला.”

मला वाटलं, आता ते येणार, जे दोन दिवस यायचं राहिलं होतं. पण बोलली आई.

“का नाही पटला? जिवंत राहिले दोघं. एकत्र म्हातारे झाले. अजून काय पाहिजे?”

“एवढा मोठा सेनापती, आणि लोकांना चुलतभाऊ म्हणून सांगत होड्या वल्हवायच्या? स्वतःच्या नावाने राहता येऊ नये माणसाला?”

“कुठे?” आईचा आवाज चिरकला. “कुठे राहायचं स्वतःच्या नावाने? सांगा ना. इथे?”

बाबांना तिथून फरशी दिसत होती आणि माझे पाय. त्यांनी हात लांब करून माझा घोटा चाचपला आणि धरला. धरून ठेवला.

“इथे नाही,” ते म्हणाले.

आईने डोळे पुसले, मेथीचा हिरवा डाग गालावर उमटला. मग बाबांनी अगदी साइटवरच्या आवाजात, कामाची यादी वाचावी तसं विचारलं, “तुला त्या कॅनडाच्या कॉलेजांचं काय ते बघायचं होतं. मी नको म्हणालो होतो. फॉर्म कधीपर्यंत भरायचा असतो?”

“जानेवारीपर्यंत.”

“भर.”

आई जुडी उचलून पुन्हा निवडायला लागली. दोन-तीन काड्या झाल्यावर, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, ती म्हणाली, “तिकडे थंडी फार असते म्हणतात.”